उजनीतल्या बोटीचं इनबोर्ड इंजिन तापतंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर जिल्ह्यात बोट म्हटलं की उजनी. ज्या बोटींत डिझेल इंजिन आत, पेटीत बसवलेलं आहे आणि शाफ्टने पंखा फिरतो, त्यांच्यासाठी हे पान आहे. मागे लटकवलेल्या आउटबोर्डचं गणित वेगळं, ते इथे नाही. इंजिन तापलं की पुष्कळ मिस्त्री पहिल्या दिवशीच हेड उघडायला बसतात. माझं म्हणणं एवढंच की पाना उचलण्याआधी पाण्याची वाट तपासा. पाणी कुठून शिरतं, कुठे अडतं, कुठून बाहेर पडतं हे क्रमाने बघितलं तर हेडपर्यंत जायची वेळ क्वचितच येते.

आत्ता काटा लाल पट्ट्यात आहे आणि बोट धरणाच्या मध्यावर आहे. काय करू?

रेस उतरवा, गिअर न्यूट्रलला घ्या आणि मागे वाकून सायलेन्सरच्या तोंडाकडे बघा.

धरणातून ओढलेलं पाणी इंजिनाचा ताप घेऊन तिथूनच बाहेर पडतं. ते नेहमीसारखं पडत असेल तर इंजिन लगेच बंद करू नका. चार-पाच मिनिटं मंद चालू द्या. भार गेलेला असतो आणि फिरतं पाणी हेडमधला ताप बाहेर काढत राहतं. एकदम बंद केलं तर पाणी जागच्या जागी थांबतं आणि हेडभोवतीचं तापमान उलट चढतं. काटा उतरू लागला तर हळू रेसवर काठ गाठता येतो.

पाणी पडत नसेल, नुसती वाफ येत असेल किंवा आवाज कोरडा, फडफडता झाला असेल, तर क्षणभरही न थांबता बंद करा. बेल्ट तुटला असेल किंवा कूलंट (इंजिनात आतल्या आत फिरून ताप वाहून नेणारं द्रव) बाहेर उडालं असेल तरीही तेच. अशा वेळी इंजिन मंद चालवत ठेवण्यात काही अर्थ नाही, कारण ताप वाहून न्यायला पाणीच उरलेलं नसतं. वर रबरी होज आणि इंपेलर (पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक) जळतात ते वेगळंच.

बंद केलं की आधी नांगर टाका आणि सगळ्यांच्या अंगात जॅकेट आहे ना ते बघा. २१ मे २०२४ ला कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. तिथे प्रश्न वाऱ्याचा होता, इंजिनाचा नव्हता. पण इंजिन बंद पडलेली बोट वाऱ्याला आडवी होते, आणि उन्हाळ्यात दुपारनंतर उजनीवर वारं कधी उठेल याचा नेम नसतो.

दोन गोष्टी मात्र करू नका. गरम असताना कूलंटच्या टाकीचं झाकण उघडू नका, चेहरा भाजतो. आणि तापलेल्या इंजिनावर धरणाचं पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

काटा खोटं सांगत असेल तर?

सांगतो, आणि दोन्ही बाजूंनी सांगतो. इंजिन पूर्ण थंड असताना फक्त चावी फिरवा. काटा टोकाला गेला तर बिघाड वायरमध्ये किंवा सेन्सरमध्ये आहे. बऱ्याच इंजिनांत सेन्सरची वायर सोलपटून लोखंडाला टेकली की असंच होतं. सेन्सरच्या आट्यांवर टेप भरमसाट गुंडाळली तर अर्थिंग नीट मिळत नाही आणि काटा मनाला येईल तिथे थांबतो.

याच्या उलटा प्रकार जास्त घातक. कूलंट इतकं उतरलं की सेन्सर उघडा पडला, तर तो पाण्याचं तापमान मोजतच नाही. इंजिन भाजून निघतंय आणि काटा आपला मधोमध. म्हणून एक इन्फ्रारेड तापमापक गन जवळ ठेवा, ती आता फार महाग राहिलेली नाही. थर्मोस्टॅटच्या (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) घरावर, हीट एक्स्चेंजरच्या (जिथे धरणाचं पाणी कूलंटचा ताप घेतं) दोन्ही टोकांना आणि एक्झॉस्ट एल्बोवर (धुराच्या वाटेवरच्या वाकलेल्या नळीवर) ती धरून बघा. चकचकीत पितळेवर किंवा ॲल्युमिनियमवर ही गन चुकीचा आकडा दाखवते. तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर नेम धरा.

किती तापमान बरोबर म्हणायचं?

कूलंट फिरणाऱ्या इंजिनांत साधारण ७५ ते ९० अंश. नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत बघा. धरणाचंच पाणी थेट इंजिनात फिरत असेल तर त्याहून कमी. मात्र तुमच्या बोटीचा रोजचा आकडा काय आहे हे जास्त महत्त्वाचं. रोज ८० वर थांबणारा काटा आज ८८ वर थांबला, तर लाल पट्टा लांब असला तरी काहीतरी बदललंय.

उजनी पूर्ण भरलं की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर असते. या उंचीवर साधं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. कूलंटच्या टाकीचं दाबाचं झाकण धड असेल तर उकळण्याचा बिंदू बराच वर जातो, ०.९ बारच्या झाकणाने जवळजवळ ११८ पर्यंत. म्हणून झाकणाचं रबर फाटलं तर ठणठणीत इंजिनसुद्धा कूलंट ओकायला लागतं. झाकण बदलायला फार खर्च येत नाही, आणि ते तपासायचं मात्र कुणाच्या लक्षात येत नाही.

तपासायला सुरुवात कुठून करू?

पाणी जिथून आत येतं तिथून. बोटीच्या तळाचा कॉक पूर्ण उघडा आहे का? हँडल उघडं दिसतं आणि आतला बॉल तुटून बंदच असतो, असंही होतं. कॉक बंद करा, पुढचा होज काढा आणि कॉक हळूच उघडा. पाणी जोरात उसळून आलं पाहिजे. लगेच बंद करा. नुसती बारीक धार येत असेल तर तोंडाशीच काहीतरी अडकलंय.

मग गाळणी, मग होज, मग पंप, मग हीट एक्स्चेंजर, शेवटी एल्बो आणि सायलेन्सर. कूलंटची बाजू त्यानंतर: पातळी, बेल्ट, थर्मोस्टॅट, कूलंट फिरवणारा फिरता पंप. हेड गॅसकेटचा नंबर सगळ्यात शेवटी.

जलपर्णीमुळे इंजिन तापतं का?

उजनीत तापण्याचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण हेच, असं मी म्हणेन. भीमेच्या वरच्या अंगाने पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी येतं, त्यावर जलपर्णी आणि शेवाळ पोसलं जातं. हिरवा गालिचा डोळ्यांना दिसतो, तो टाळता येतो. त्रास देतात त्या खाली लोंबणाऱ्या मुळ्या. त्या केसांसारख्या बारीक आणि काळपट असतात, तुटून पाण्यात तरंगत राहतात.

गाळणी उघडलीत तर एक लगदा हाताला लागतो: मुळ्यांचा गुंता, त्यात मासेमारीच्या जाळ्याचे निळे-हिरवे नायलॉनचे धागे, चिलापीचे खवले, कधी गुटख्याची पुडी. वरून बघितलं तर गाळणीत पाणी भरलेलं दिसतं, म्हणून माणूस झाकण न उघडताच पुढे जातो. लगदा जाळीच्या आतल्या भिंतीला चिकटलेला असतो. तो नुसता झटकून निघत नाही. जुन्या टूथब्रशने घासा आणि जाळी उजेडाकडे धरा. भोकातून उजेड दिसला की झालं.

झाकण परत लावताना रबरी रिंग नीट बसली पाहिजे. बसली नाही तर पंप पाण्याबरोबर हवा ओढतो. पारदर्शक गाळणीत फेसाळ बुडबुडे दिसत असतील तर हाच दोष धरा. तिथून पाणी गळताना दिसणार नाही, कारण चालू इंजिनात त्या जागी ओढ असते, दाब नसतो.

उन्हाळ्याच्या शेवटी धरण उण्यात गेलं आणि पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं, की काठालगतचं पाणी नुसतं गढूळ. अशा वेळी उथळात पंखा गाळ उसळवतो आणि तोच गाळ कॉकमधून आत जातो. त्या महिन्यांत गाळणी रोज उघडा.

इंपेलर खराब झालाय हे बाहेरून कळतं का?

सायलेन्सरमधून पडणारं पाणी कमी झालं की शंका घ्या. खात्री उघडूनच होते. कच्च्या, म्हणजे धरणातून ओढलेल्या, पाण्याच्या पंपाचं पितळी झाकण काढा, चार-सहा स्क्रू असतात, आत रबरी पात्यांचं चाक दिसेल.

पाती तुटलेली नसली तरी नीट बघा. प्रत्येक पातं बुंध्याशी वाकवा. बारीक चिरा दिसल्या तर ते संपलं. बाहेर काढल्यावर पाती एकाच बाजूला वाकलेली राहत असतील, सरळ होत नसतील, तर त्यांच्यातला ताण गेला. असा इंपेलर जास्त रेसवर पाणी ओढतो आणि मंद रेसवर नुसता फिरतो. मधला पितळी गाभा रबरातून सुटलेला असेल तर शाफ्ट फिरतो, चाक जागीच राहतं. हा प्रकार फसवा, कारण पाती अगदी नव्यासारखी दिसतात. गाभा धरून चाक पिळून बघा.

एखादं पातं तुटलं असेल तर ते शोधल्याशिवाय नवीन इंपेलर बसवू नका. तुटलेले तुकडे पाण्याबरोबर पुढे गेलेले असतात आणि हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकून बसतात. नवीन इंपेलर बसवूनही तापतं, अशी तक्रार आली की मी पहिला प्रश्न हाच विचारतो: जुन्याचे तुकडे मोजलेत का?

झाकणाच्या आतल्या बाजूला गोल खाचा पडल्या असतील तर पाणी त्यातून मागे सरकतं. बरीच झाकणं उलटवून बसवता येतात, बाहेरची बाजू गुळगुळीत असते. नवीन इंपेलरला ग्लिसरीन किंवा साबणाचं पाणी लावा. ग्रीस नको, काही रबर त्याने फुगतं.

कोरडा चालला तर इंपेलरला खराब व्हायला मिनिटही पुरतं. काठावर ओढलेल्या बोटीचं इंजिन ‘जरा चालू होतंय का बघू’ म्हणून चालवणं तेवढ्यासाठी महागात पडतं.

मंद चालताना ठीक, फुल रेसवर मात्र तापतं. का?

पाणी वाहतंय, पण पुरेसं नाही. अर्धवट तुंबलेली गाळणी, झिजलेला इंपेलर, भरलेला हीट एक्स्चेंजर किंवा आतून आकसलेला एल्बो, यातलं काहीही असू शकतं.

आणखी एक जागा सहसा सुटते: ओढीच्या बाजूचा होज. एका लाँचमध्ये वरचं सगळं बदलून झालं होतं, इंपेलरसुद्धा नवा होता, तरी रेस वाढवली की काटा चढायचा. होज बाहेरून टणक, एकही चीर नाही. इंजिन फुल रेसवर असताना होजवर हात ठेवला तेव्हा तो पोटात ओढला जाताना जाणवला. कापून बघितलं तर आतला थर सुटून जिभेसारखा लोंबत होता. मंद रेसवर बाजूला राहायचा, ओढ वाढली की वाट बंद करायचा. तारेचं स्प्रिंग असलेला होज टाकल्यावर प्रश्न मिटला. बाजारात मिळणारा साधा बागेचा पाइप या जागी कधीच टाकू नका.

दुसरं कारण पाण्याचं नसतं, भाराचं असतं. पंख्यात जाळं किंवा जलपर्णी गुंडाळली, तळाला शेवाळ चढलं किंवा पंखा गरजेपेक्षा मोठा बसवला, तर इंजिनावर ओझं येतं. ओळखायची खूण सोपी आहे. पूर्ण थ्रॉटल देऊनही इंजिन कंपनीने दिलेल्या आरपीएमला पोचत नाही आणि काळा धूर निघतो. इथे कूलंटची बाजू कितीही धुतली तरी फरक पडणार नाही. पंखा साफ करायला पाण्यात उतरण्याआधी इंजिन बंद करून चावी खिशात घाला.

उलट होतंय: उभं असताना तापतं, चालवलं की उतरतं.

मरगळलेला इंपेलर किंवा सैल बेल्ट. बेल्ट दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबा, साधारण १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे. कडा चकचकीत झाल्या असतील तर ताणून उपयोग नाही, बदला. नुकतंच कूलंट बदललं असेल तर हवा अडकल्याचाही संशय घ्या. हेडवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करा आणि बुडबुडे थांबून सलग धार आली की आवळा.

थर्मोस्टॅट काढूनच टाकला तर?

हा सल्ला आपल्याकडे फार सहज दिला जातो. काठ गाठण्यापुरता ठीक, कायमचा नको. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडतो तेव्हाच बायपासची वाट बंद करतो. तो काढला की कूलंट हीट एक्स्चेंजरला वळसा घालून तसंच परत इंजिनात येतं आणि तापणं वाढतं. ज्यांत असं होत नाही ती इंजिनं कायम थंड चालतात. थंड चालणाऱ्या डिझेल इंजिनात कार्बन साचतो, सिलिंडर झिजतो, डिझेल जास्त लागतं.

त्यापेक्षा तपासा. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने मध्ये लोंबता ठेवा, तळाला टेकू देऊ नका. शेजारी तापमापक धरून पाणी तापवा. अंगावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि पुढच्या १०-१५ अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. चहाचं पातेलं मात्र वापरू नका, कूलंट विषारी असतं.

कूलंट सारखं कमी होतंय, पण कुठे गळताना दिसत नाही.

आधी सोप्या जागा. फिरत्या पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं. तिथे ओल किंवा रंगीत डाग दिसला तर पंपाचं सील गेलं. मग हीट एक्स्चेंजर. आतली नळी फुटली असेल तर कूलंट धरणाच्या पाण्यात मिसळून सायलेन्सरमधून निघून जातं, बोटीत थेंबही सांडत नाही.

या दोन्हीत काही मिळालं नाही की हेड गॅसकेटकडे वळायचं. थंड इंजिन, झाकण उघडं, सुरू करून टाकीत बघा. बुडबुडे थांबतच नसतील, सुरू केल्याबरोबर मिनिटभरातच होज दगडासारखे कडक होत असतील, ऑइलच्या कांडीवर दुधट चिकटा असेल, तर गॅसकेट उडाली किंवा हेड वाकलं. नुसती गॅसकेट बदलून मोकळे होऊ नका. हेड सपाट आहे का ते मशीन शॉपमध्ये तपासून घ्या, नाहीतर महिन्या-दोन महिन्यांत परत तिथेच याल.

कूलंटऐवजी बोअरचं पाणी चालेल का?

नाही. जिल्ह्यातलं बरंचसं बोअरचं पाणी जड आहे. घरच्या गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच सिलिंडरभोवती चढतो आणि त्यातून उष्णता बाहेर पडत नाही. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. दोन वेगळ्या जातींचं कूलंट एकत्र करू नका, काही जोड्यांचा चिखल होतो.

जुनं कूलंट धरणात सोडू नका. सोलापूर शहर हेच पाणी पितं. काठावर ओतलं तरी ते गोडसर लागतं म्हणून जनावरं चाटतात आणि मरतात. कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या.

हीट एक्स्चेंजर ॲसिडने धुवायचा का?

आधी दोन्ही टोकांची झाकणं काढा आणि नळ्यांतून बारीक लाकडी काडी किंवा पितळी रॉड घाला. उजनीत आत भरतो तो बहुतेक गाळ आणि मुळ्यांचा चुरा, तो असाच निघतो. क्षाराचा थर असेल तर सायट्रिक ॲसिड किंवा व्हिनेगरमध्ये भिजवा. संडास धुवायचं ॲसिड ॲल्युमिनियमला खाऊन टाकतं. एक्स्चेंजरमध्ये झिंकची पेन्सिल (बाकी धातू गंजू नये म्हणून स्वतः झिजणारी कांडी) असेल तर तीही बघा. तिचे तुटके तुकडे नळ्यांची तोंडं बंद करतात. गोड्या पाण्यात झिंकपेक्षा मॅग्नेशियम चांगलं काम करतं.

सोलापूरच्या उन्हामुळे तापतं, असं मिस्त्री म्हणतो.

हवा ४४ अंश असली तरी इंजिनाला थंड करतं ते पाणी, आणि पाणी हवेइतकं तापत नाही. पावसाळ्यात आणि मे महिन्यात काट्यात दोन-तीन अंशांचा फरक पडेल. लाल पट्ट्यात जात असेल तर दोष आधीपासून होता, उन्हाने तो उघडा पाडला. इंजिनाच्या पेटीला हवा यायची जाळी पोत्यांनी झाकू नका, एवढं पुरे.

आमच्या होडीला शेतीपंपाचं, वर पाण्याची टाकी असलेलं इंजिन आहे.

त्यात टाकीतलं पाणी उकळतं आणि वाफ निघते, तो बिघाड नाही, त्याची रचनाच तशी आहे. पाणी सिलिंडरच्या खाली उतरू देऊ नका आणि भर घालताना एकदम थंड बादली न ओतता थोडं थोडं घाला.

थंड झाल्यावर इंजिन सुरूच होत नाही. स्टार्टर मारत राहू?

सायलेन्सरमध्ये पाणी सोडणारी रचना असेल तर अजिबात नको. स्टार्टर फिरतो तेवढा वेळ पंप पाणी ढकलत असतो, पण ते बाहेर फेकायला धूर नसतो. सायलेन्सर भरला की पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरतं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. दोन-तीन प्रयत्नांत घेतलं नाही तर तळाचा कॉक बंद करा, मग प्रयत्न करा, आणि इंजिन घेताक्षणी कॉक उघडा.

सुटे भाग सोलापुरात मिळतात का?

बोटीचं इंजिन मुळात ट्रक किंवा ट्रॅक्टरच्या इंजिनावरून बनवलेलं असेल तर बेल्ट, थर्मोस्टॅट, दाबाचं झाकण, फिरत्या पंपाचं सील हे मोटार पार्टच्या दुकानात मिळून जातं. जुना नमुना घेऊन जा. इंपेलर, एल्बो आणि हीट एक्स्चेंजरची रिंग बहुतेक वेळा मुंबईहून मागवावी लागते. इंपेलर मागवताना बाहेरचा व्यास, रुंदी, शाफ्टचा व्यास, पात्यांची संख्या आणि शाफ्ट बसायचं आतलं भोक चावीच्या खाचेचं आहे की दातऱ्यांचं, हे सगळं मोजून फोटोसकट पाठवा. मागवायचेच तर दोन मागवा. एक इंपेलर, झाकणाची गॅसकेट, एक बेल्ट, मीटरभर ओढीचा होज आणि चार क्लिपा एका डब्यात भरून तो डबा बोटीतच ठेवा; करमाळ्याच्या काठावर अडकलात तर सोलापूरला येऊन जाण्यात अख्खा दिवस जातो.